एक जूनला जन्मलेलं गाव

जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, आता नातवंडांत रमा म्हणून सगळे सांगतात. आणि मग एके दिवशी सकाळी चहाच्या वेळेला ओट्यावर कुणीतरी येऊन बसतं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि घडीवर फाटलेला एक कागद. "गुरुजी, तेवढं बघा की, काय म्हणतंय हे." तिथून गुरुजींची दुसरी नोकरी सुरू होते. पगार नाही, सुट्टी नाही, आणि निवृत्तीचं वय तर मुळीच नाही.

अशा माणसांबद्दल लिहिताना 'समाजसेवेचं व्रत' वगैरे शब्द हमखास येतात. येवोत बापडे. पण त्या व्रतात रोज नेमकं काय करावं लागतं, हे सहसा कुणी लिहीत नाही. बहुतेक वेळा ते काम कागदाचंच असतं. झाडं लावणं, वाचनालय चालवणं, स्मशानभूमीचं कुंपण ही कामंही गुरुजी करतात, त्यांचे फोटोही येतात. पण गावाला त्यांची खरी गरज लागते ती तहसील कचेरीत फाईल अडकल्यावर.

याला कारण आहे. गावात घरोघर हिंडलेला सरकारी माणूस म्हणजे शिक्षक. जनगणना त्याने केली, मतदार यादी त्याने दुरुस्त केली, पोलिओचे डोस द्यायला तो उभा राहिला. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली तेव्हा प्रौढांना कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवायला लावणाराही तोच होता. कुणाचा भाऊ कुठे दत्तक गेला, कुणाचं लग्नाआधीचं नाव काय, कुणाचं घर कुणाच्या नावावर आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, गावातल्या निम्म्याअधिक माणसांची जन्मतारीख शिक्षकानेच लिहिलेली असते.

गावातल्या साठीच्या पुढच्या माणसांची आधार कार्डं एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. शाळेत गेलेली बरीच माणसं १ जूनला जन्मलेली दिसतील आणि शाळेचं तोंडही न पाहिलेली १ जानेवारीला. असा योगायोग नसतो. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख माहीत नसायची. फार तर "पूर आला त्या साली", "थोरली म्हैस व्याली तेव्हा" एवढं सांगता यायचं. गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला लावायचे. बोटं कानाला टेकली की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. मग प्रवेशाच्या दिवशी वय पुरं बसेल असं वर्ष मागे मोजायचं आणि लिहायचं : १ जून. अंकी आणि अक्षरी.

शाळेत न गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं वय पहिल्यांदा कागदावर आलं ते मतदार यादीत, आणि यादीतलं वय तेव्हा धरायचे १ जानेवारीला. पुढे आधार काढायची वेळ आली तेव्हा पुरावा म्हणून मतदार कार्डच पुढे केलं गेलं. ज्याची नुसती सालाचीच नोंद, त्याची तारीख संगणकात १ जानेवारी पडली.

त्या काळी यात कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडतं ते आता, पासष्टीला. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन ६५ पूर्ण झाल्यावर मिळतं. ज्या म्हातारीचं वय आधारवर ६१ आणि मतदार कार्डावर ६७ आहे, तिची फाईल टेबलावर गेल्या गेल्या परत येते. गुरुजींनी इथे पहिलं काम करायचं ते म्हणजे शाळेचा कागद शोधणं. पोरगी दोन महिने का होईना पहिलीत बसली असेल, तर जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशांच्या वहीत, तिचं नाव असतंच. त्या नोंदीची नक्कल, म्हणजे निर्गम उतारा, मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की मिळतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र मागतात. पण वयाच्या पुराव्यापुरता निर्गम उतारा बहुतेक ठिकाणी चालतो, म्हणून आधी तोच मागावा.

रजिस्टर शोधताना वर्षावरून जाऊ नये, गावावरून जावं. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या. त्याआधीच्या शाळा स्कूल बोर्डाच्या, आणि दोन-तीन वाड्यांना मिळून एक शाळा असायची. आज वाडीत स्वतंत्र शाळा असली तरी १९५५ सालची नोंद मूळ गावाच्या केंद्रशाळेतल्या लोखंडी कपाटात असते. नाव शोधताना आडनावाच्या भरवशावर राहू नये. जुन्या रजिस्टरांत पुष्कळदा आडनाव लिहिलेलंच नसतं, 'दगडू भाऊ' एवढ्यावर काम भागलेलं असतं. मग भावंडं शोधायची. थोरल्याच्या आणि धाकट्याच्या नोंदी दोन-तीन वर्षांच्या अंतराने सापडतात, मधे आपल्याला हवं ते नाव असतं. शाई फिकी झाली असेल तर पान खिडकीशी तिरपं धरून भिंगाने वाचावं. मोबाईलचा दिवा सरळ पानावर मारला की उरलंसुरलं अक्षरही चमकून जातं.

रजिस्टरातली तारीख चुकलेली निघाली तर लोक म्हणतात, "गुरुजी, तुम्हीच लिहिली होती, तुम्हीच बदला." ते होत नाही. विद्यार्थी शाळा सोडून गेला की रजिस्टर बंद झालं. त्यानंतर दुरुस्ती होते ती उघड उघड लेखनदोषाची, म्हणजे अंकी एक आणि अक्षरी दुसरीच तारीख पडली आहे किंवा वडिलांच्या नावात अक्षर गळलं आहे अशी. आणि तीही शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने. खाडाखोड करून कोपऱ्यात सही मारायची जुनी सवय कुणाला असेल तर ती घरीच ठेवावी. खाडाखोड असलेली नोंद जात पडताळणीत सगळ्यांत आधी बाद होते आणि मग त्या घराच्या तीन पिढ्या खोळंबतात.

जात पडताळणीचा विषय निघालाच आहे तर त्याच्या तारखा पाठ असू द्याव्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. अर्जदाराचं घराणं त्या तारखेच्या आधीपासून महाराष्ट्रात होतं आणि त्या जातीचं होतं, हे दाखवणारा कागद लागतो. म्हणजे नातवाच्या कॉलेज प्रवेशाचं काम आजोबाच्या पहिलीच्या नोंदीपाशी येऊन थांबतं. आजोबा शाळेत गेले नसतील तर आजोबांचे भाऊ, चुलते बघायचे. वंशावळीत ते बसतात. शाळेत कुणीच सापडलं नाही तर गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं बुक, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं आणि जुनं असेल तर मोडी लिपीत असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. ज्या गुरुजींनी हौस म्हणून मोडीचा वर्ग केला होता त्यांच्या ओट्यावर शेजारच्या तालुक्यातून गाड्या येऊ लागल्या. मोडी वाचताना एक पथ्य पाळावं : जे दिसतं तेच लिप्यंतर करून द्यावं. 'कु' एवढंच अक्षर असेल तर 'कु' एवढंच लिहावं. पुढचा अर्थ लावणं हे अधिकाऱ्याचं काम.

तारखेनंतर नावाचा गुंता, आणि तो बायकांच्या बाबतीत जास्त. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत. शाळेत 'सुमन' असलेली सासरी 'लक्ष्मी' झाली, रेशनकार्डावर 'लक्ष्मीबाई' झाली आणि आधारवर ज्या पोराने टाईप केलं त्याच्या मर्जीने काहीतरी तिसरंच झालं. नवऱ्याचं नाव सातबारावर 'ज्ञानदेव', मृत्यूच्या दाखल्यावर 'ज्ञानू' आणि पासबुकावर 'ज्ञानोबा'. इंग्रजीत तर 'ज्ञ' डी-एन-वाय ने लिहिलाय की जी-वाय ने, यावरून बँकेतली माणसं एका माणसाचे दोन करतात.

यावर राजपत्रात नाव छापा असा सल्ला सेवा केंद्रात सर्रास देतात. तो नेहमी बरोबर नसतो. राजपत्राने नाव बदलतं ते तिथून पुढे. मागच्या रजिस्टरातलं अक्षरही हलत नाही. नुसतं स्पेलिंग किंवा 'बाई', 'राव', 'भाऊ' मागेपुढे झालं असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र पुष्कळ ठिकाणी पुरतं. माहेरचं-सासरचं नावच निराळं असेल तर विवाहाचा पुरावा आणि गरज पडली तर राजपत्र. आधी ठरवायचं की कोणता कागद खुंटा धरायचा, आणि बाकीचे कागद त्याच्याकडे ओढायचे. सहसा आधार दुरुस्त करणं सोपं. पण आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. घाईघाईत पहिली संधी अर्धवट दुरुस्तीत घालवली की दुसऱ्या वेळी हात बांधले जातात. म्हणून केंद्रावर जाण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरात मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं लिहून म्हातारीच्या हातात द्यावीत आणि पावतीवरचं अक्षर न् अक्षर ताडून मगच खुर्चीवरून उठायचं, असं बजावावं.

आता निराधारची फाईल. गुरुजींच्या ओट्यावर सगळ्यांत जास्त हीच येते. ६५ च्या आतल्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण यांना संजय गांधी निराधार अनुदान योजना. ६५ च्या वर श्रावणबाळ. अनुदान २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. दिव्यांगांची मर्यादा वेगळी; बाकी दोन्हीला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. हा आकडा एकदा भागून बघावा. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये होतात. इतक्यात कुठलं कुटुंब जगतं, हे विचारायची सोय नाही. पण दाखला २१,००० च्या आतलाच लागतो, आणि तलाठी (आता पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं) अहवालात २४,००० लिहून मोकळा झाला की फाईल संपली. म्हणून उत्पन्नाचा अर्ज करण्याआधी भाऊसाहेबांना भेटून घरची परिस्थिती सांगावी. खोटं सांगू नये. स्वतंत्र राहणारा मुलगा, स्वतंत्र रेशनकार्ड, हे खरं असेल तर ते कागदावर आधीच आलेलं असावं. आईचं नाव मुलाच्या कार्डावर ठेवून आई निराधार म्हणून अर्ज केला की तो नामंजूर होणारच.

फाईलला वयाचा पुरावा, १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, पासबुकाचं पहिलं पान, फोटो आणि कारणाप्रमाणे जास्तीचा एक कागद लागतो : विधवा असेल तर पतीच्या मृत्यूचा दाखला, दिव्यांग असेल तर किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र. मृत्यूचा दाखलाच नाही, हे दर गावात निघतं. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते. वर्षाच्या आत वरिष्ठांच्या लेखी परवानगीने. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. वीस वर्षांपूर्वी रानात वीज पडून गेलेल्या माणसाचा मृत्यू आज सिद्ध करणं सोपं काम नाही. पोलीस पाटलाची वही, पंचनामा, स्मशानाची पावती, शेजाऱ्यांचे जबाब, जे मिळेल ते गोळा करावं लागतं. त्यामुळे गावात कुणी गेलं की दहाव्याच्या आत ग्रामपंचायतीत नोंद झाली का, एवढं विचारणं ही गुरुजींची एक मोठी सेवा आहे. त्या घरात तेव्हा ते कुणाच्या ध्यानात नसतं.

फाईल समितीत मंजूर झाली तरी पैसे येतीलच असं नाही. "बँकेत आधार लिंक केलंय की" असं म्हातारी सांगते आणि ते खरंही असतं. पण खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात टाकायचे त्या यादीत, एनपीसीआयच्या मॅपरवर, ते खातं चढणं वेगळं. त्या यादीत एका आधारला एकच बँक असते, आणि जी सगळ्यांत शेवटी चढली ती. बचत गटाच्या वेळी, गॅसच्या वेळी, कुणीतरी दारात येऊन अंगठा घेऊन उघडून दिलेलं एक खातं विसरलेलं असतं. पैसे तिकडे जात राहतात आणि म्हातारी इकडचं पासबुक घेऊन महिनोन् महिने खेपा घालते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव दिसतं. दोन मिनिटांचं काम, पण मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा. तो बहुधा मुंबईला गेलेल्या पोराचा असतो. म्हणून शनिवार-रविवार पोरगं गावाला आलं की मग बघावं.

पैसे काढताना अंगठा उमटत नाही, ही पुढची अडचण. ऊसतोड, वीटभट्टी, चुन्याचं काम, शेणा-मातीतली हयात. बोटांवरच्या रेषा गेलेल्या असतात. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडं तेल किंवा ओलसर फडकं लावून बघावं, दहाही बोटं बघावीत, करंगळीसुद्धा. नाहीच जमलं तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय असलेलं केंद्र गाठावं. आणखी एक गंमत आहे. साक्षरता वर्गात सही शिकलेल्या बायका बँकेत मोठ्या उमेदीने सही करतात; पण खातं उघडताना अंगठा दिलेला असतो, त्यामुळे सही जुळत नाही म्हणून चिठ्ठी परत येते. सही शिकवली की बँकेत नमुना सही बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा.

अनुदान सुरू झालं की वर्षातून एकदा हयात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. गुरुजींना स्वतःच्या पेन्शनसाठी नोव्हेंबरात तेच करावं लागतं, त्यामुळे जिवंत असल्याचा दाखला म्हणजे काय हे त्यांना वेगळं समजावून द्यावं लागत नाही. आपला दाखला देऊन झाला की गावातल्या लाभार्थ्यांची यादी काढून बसावं. जे अंथरुणाला खिळलेत त्यांची नावं आधी.

आता अर्ज लिहिण्याबद्दल, कारण इथे चांगले चांगले गुरुजी चुकतात. चाळीस वर्षं निबंध तपासल्यामुळे अर्जातही प्रस्तावना येते. "महोदय, मी एक गरीब, निराधार, वृद्ध महिला असून..." अशी पंधरा ओळींची करुण कहाणी. कारकुनाला ती वाचायला वेळ नसतो, आणि मुख्य मागणी कुठे आहे हेच सापडत नाही. अर्ज असा असावा :

'विषय : संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जाबाबत. महोदय, माझा वरील योजनेचा अर्ज दि. ... रोजी आपल्या कार्यालयात दाखल आहे (पोच क्र. ...). त्यावर अद्याप निर्णय कळालेला नाही. अर्ज मंजूर असल्यास आदेशाची प्रत व नामंजूर असल्यास कारणासह लेखी उत्तर मिळावे. सोबत : पोचेची छायाप्रत.'

तीनच वाक्यं. खाली अर्जदाराचं नाव, गाव, मोबाईल. अंगठा असेल तर 'नि. डावा अंगठा' (नि. म्हणजे निशाणी) आणि बाजूला 'ब. क.' करून लिहिणाऱ्याचं नाव. हे बकलम न विसरता घालावं. उद्या कुणी "मी अंगठा दिलाच नाही" म्हटलं तर कागद कुणाच्या हातचा आहे ते कळतं. अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक टेबलावर द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊन परत आणायची. "ठेवून जा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत. शिक्का मिळत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती टाचून ठेवावी. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नाही असं समजून चालावं.

पोच हातात असेल तर पुढे दोन वाटा आहेत. ज्या सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली, म्हणजे २०१५ च्या कायद्याखाली अधिसूचित आहेत त्यांना मुदत ठरलेली असते. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील. कसुरवार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंड क्वचित होतो, पण अपिलाचा कागद गेल्यावर दाखला मात्र चटकन हलतो. दुसरी वाट माहिती अधिकाराची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत. न आल्यास किंवा न पटल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

इथेही शिक्षकी सवय आड येते. शिक्षक प्रश्न विचारतो : "अर्ज का मंजूर केला नाही? याला जबाबदार कोण?" माहिती अधिकारात 'का' ला उत्तर मिळत नाही. कागद मागायचा असतो. "माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची व आदेशाची छायांकित प्रत" असं लिहिलं की त्या प्रतीत 'का' आपोआप असतं. प्रतीला पानाला दोन रुपये पडतात. आणि हे अस्त्र जपून वापरावं. दर आठवड्याला माहिती अधिकार टाकणाऱ्या गुरुजींचं नाव कचेरीत झालं की त्यांच्यामार्फत येणाऱ्या साध्यासुध्या फाईलीही बाजूला पडतात. वाईट आहे, पण आहे.

सातबाराच्या भानगडीत गुरुजींनी पडावं की नाही, याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. वारस नोंदीपुरतं पडावं. खातेदार गेल्यावर तीन महिन्यांत वारसांनी वर्दी द्यायची, नमुना ६क म्हणजे वारस रजिस्टरात नोंद, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची प्रमाणित सही. अर्ज लिहून द्यावा, वारसांत बहिणींची नावं आली आहेत ना एवढं बघावं, बस्स. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं, साठीच्या माणसासमोर अजून 'अपाक' म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या पोराचा) पालनकर्ता म्हणून चुलत्याचं नाव असतं. ही जुनी नोंद कमी करायचा अर्जही लिहून द्यायला हरकत नाही. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली ती मेलेल्या खातेदारांच्या जागी वारस लावायलाच. पण वाटणी, बांध आणि बहिणींचं हक्कसोड या तीन ठिकाणी लेखणी खिशात ठेवावी. "गुरुजी, साध्या कागदावर बहिणीचं हक्कसोड लिहा" म्हणून येतात. स्थावर मिळकतीचं हक्कसोड नोंदणीकृतच लागतं, साधा कागद चालत नाही. आणि तो तुमच्या अक्षरात असला तर पुढची दहा वर्षं दिवाणी कोर्टात साक्षीदार म्हणून तारखा तुम्हालाच.

ग्रामसभेत मात्र गुरुजींनी बसलंच पाहिजे. वर्षाला किमान चार सभा, त्याआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतलं जे कमी ते. तेवढी माणसं क्वचित जमतात. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे महत्त्वाचे ठराव बरेचदा तहकूब सभेत वीस माणसांत होतात. त्या सभेला हजर राहणं हेच काम. दुसरी गोष्ट, हजेरीच्या वहीवर सह्या आधी होतात आणि ठराव सावकाश नंतर लिहिले जातात. प्रोसिडिंग त्याच दिवशी वाचून दाखवा, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा आणि अध्यक्षांची सही घ्या, एवढं शांतपणे दर सभेत म्हणत राहावं. ग्रामसेवक (आता 'ग्रामपंचायत अधिकारी') वैतागतो, पण दोन-तीन सभांनंतर त्यालाही ते बरं वाटतं, कारण नंतर ओळी घुसडायला सांगणारे त्याच्याकडे यायचे थांबतात.

निवडणुकीला उभं राहू नये. हे पुष्कळांना पटत नाही, "चांगल्या माणसांनी राजकारणात यायला नको का?" यावं की. पण गुरुजी एका पॅनेलमधून सदस्य झाले की दुसऱ्या आळीतल्या पिशव्या ओट्यावर यायच्या बंद होतात. तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद तेवढं चालतं, तेही सर्वानुमते मिळालं तर.

पैशाचाही नियम आधीच ठरवावा. झेरॉक्स, स्टॅम्प, एसटीचं भाडं ज्याचं त्याने द्यावं, आणि ते गुरुजींच्या हातात न देता दुकानात द्यावं. काम झाल्यावर घरी आलेली मेथीची जुडी, दुधाचा तांब्या परत पाठवून माणसं दुखवू नयेत. पण नोटेला हात लावायचा नाही, पन्नासची असली तरी. एकदा घेतली की गावात आकडा फिरतो, आणि फिरता फिरता तो पाचशे होतो. मूळ कागद रात्रभरसुद्धा घरी ठेवून घेऊ नयेत. ओटीपी विचारू नये, सांगितला तर ऐकू नये. म्हातारीचा मोबाईल तिच्याच हातात असावा.

आणि वही. लांब, पुठ्ठ्याची, शंभर पानी. रकाने पाचच : तारीख, नाव व आळी, काम, आवक क्रमांक, पुढची तारीख. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण अपिलाच्या मुदती त्यात असतात आणि रोज सकाळी आधी तो चाळायचा असतो. बऱ्याच गुरुजींची वही त्यांच्या स्वतःच्या खुणांनी भरलेली असते, दुसऱ्याला ती वाचता येत नाही. गुरुजी आजारी पडले की चाळीस फाईली एका वेळी लंगड्या होतात. म्हणून दहावी-बारावी झालेली एखादी सून किंवा मुलगी शेजारी बसवावी आणि नोंदी तिच्या हातून करून घ्याव्यात. संकेतस्थळाची कामं तिला गुरुजींपेक्षा लवकर जमतात. गुरुजींकडून तिला दोनच गोष्टी शिकायच्या असतात, जुनं रजिस्टर वाचणं आणि पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून न उठणं.

वहीचा सगळ्यांत भरलेला महिना जून. शाळा उघडतात, कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात, उत्पन्नाचे, जातीचे, नॉन-क्रिमिलेअरचे दाखले एकदम लागतात आणि सेवा केंद्राचं सर्व्हर नेमकं तेव्हाच बसतं. म्हणून एप्रिलमध्येच दहावी-बारावीच्या पोरांची यादी करून अर्ज लावून टाकावेत. आणि १ जूनला कागदावर पासष्ट पूर्ण करणाऱ्यांची यादी वेगळी. ती गुरुजींना शाळेच्या रजिस्टरातून काढता येते, पानाला दोन-तीन नावं निघतात. त्या दिवशी त्यांच्या फाईली एकगठ्ठा नेऊन द्यायच्या, प्रत्येकीची पोच वेगळी घ्यायची.